काजूच्या शेडसाठी लावलेला बिनशेती सल्लागार: पाचपैकी अडीच

काम संपलं त्या संध्याकाळी त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. जोडलेले हात, तीन गुलाब, आणि खाली, "मॅडम, दोन ओळी रिव्ह्यू टाका ना. पाच स्टार." दोन ओळींत मावणारं हे प्रकरण नाही, आणि पाच स्टार तर मी माझ्या स्वतःच्या काजूगरालाही देत नाही. नाव मात्र लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता आणि त्याला याच तालुक्यात धंदा करून राहायचंय. आपल्या शेतात छोटासा कारखाना, शेड, गोडाऊन असलं काही उभं करायचं डोक्यात असेल, तर शेतजमिनीला शेतीशिवाय दुसऱ्या वापराची परवानगी, म्हणजे बिनशेती, मिळवून देणारा असा सल्लागार नेमकं काय करतो आणि काय करत नाही ते कळावं म्हणून लिहितेय. सगळा मामला २०२२ ते २०२४ मधला आहे. महसुलाचे नियम बदलत असतात, त्यामुळे वाचताना सालं ध्यानात ठेवा.

आमची बाग वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून बरीच आत. त्यामुळे सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची भानगड नव्हती. वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ ची कलमं, थोडी जुनी गावठी झाडं. बी विकण्यापेक्षा गर काढून विकावा म्हणून सात वर्षांपूर्वी पडवीत सुरुवात केली. बी उकडायचा छोटा बॉयलर, हातापायाने चालवायची तीन कटर मशिनं, एक ड्रायर. चार किलो बी घ्या, त्यात साधारण किलोभर गर पडतो, बाकी टरफल. आणि ते टरफलच खरं दुखणं. त्यातलं तेल बोटांची साल काढतं, कपड्याला लागलं की जात नाही, आणि उकडायच्या दिवशी सासूबाई खोकून खोकून मागच्या दारी जाऊन बसायच्या. बायका तिघीच्या सहा झाल्या, तेव्हा पडवी पुरेना. पंधराशे चौरस फुटांची शेड हवी असं ठरलं.

गावात विचारलं तर सगळ्यांचं एकच. "सोळाशे फुटांपर्यंत काय्येक लागणा नाय." अहो, ती २०२१ ची सवलत गावातल्या राहत्या घरांसाठी. शेडीत आम्ही झोपणार नव्हतो, बॉयलर लावणार होतो. त्यात बँकेचं कर्ज हवं होतं, आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना आहे ना, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख अनुदानाची, तीही डोळ्यासमोर होती. बँकेला कागद लागतो. म्हणून मे महिन्यात बी वेचून झाली आणि जूनमध्ये मी या सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन बसले.

ऑफिस एसीचं. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा, टेबलावर काचेखाली देवाचा फोटो. चाळीस हजारांचं पॅकेज: पंधरा आगाऊ, पंधरा फाईल दाखल झाल्यावर, दहा आदेश हातात आल्यावर. मोजणी, नकाशे आणि सरकारी चलनं वेगळी. हे सगळं त्याने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं आणि शेवटपर्यंत त्यात एक रुपया वाढवला नाही. "वरखर्च" म्हणून एकदा बारा हजार मागितले होते. पावती देणार का विचारल्यावर परत विषय काढला नाही.

आधी चांगलं सांगते. सातबारा वाचण्यात याचा हात कुणी धरणार नाही. आम्ही सातबारा म्हणजे क्षेत्र आणि नावं एवढंच बघतो. तो थेट 'इतर हक्क'वर जाऊन पोचला. खाजगी वनाची नोंद आहे का, कुळकायदा कलम ४३ चा, म्हणजे परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही असा शेरा आहे का, कुणाचा बोजा आहे का. १९७५ च्या खाजगी वनांच्या कायद्याची एक ओळ सातबाऱ्यावर असली तर कोकणात माणूस वर्षानुवर्षं अडकतो. आंबोली, गेळे, चौकुळकडे कबुलायतदार गावकरांच्या, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनींचा घोळ आहे तो आणखी निराळा. आमच्याकडे तसलं काही निघालं नाही, पण सासऱ्यांच्या आत्येचं नाव अजून चढलेलंच आहे हे त्याने काढलं. ती बाई जाऊन तीस वर्षं झाली. वारसांचा फेरफारच कुणी घातला नव्हता. तो त्याने दोन महिन्यांत करून घेतला, तोही पॅकेजमध्येच. या एका कामाचा पूर्ण एक स्टार.

आता गावठाणाची गोष्ट.

पहिल्याच बैठकीत त्याने मोबाईलवर नकाशा उघडला, आमच्या गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि एक गोल काढला. "मॅडम, जमीन महसूल अधिनियमात कलम ४२-ड आहे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल, तर जमीन बिनशेती झाल्यातच जमा. आकारणी भरायची, रूपांतरण कर भरायचा, सनद घ्यायची. तुमची जागा आतच येते." मी खूश. मग घरी येताना एसटीत डोक्यात आलं, की आमच्या गावाला गावठाण आहे कुठे?

घाटावरच्या लोकांना हे कळायला जरा कठीण जाईल. तिकडे गाव म्हणजे घराला घर लागलेलं, मधे देऊळ, पार, भोवती शेतं. गावठाणाची रेघ नकाशावर मारलेली असते. आमच्याकडे वाड्या. एक घर टेकडीच्या पायथ्याला, दुसरं व्हाळाच्या पलीकडे, तिसरं माडांत. जो तो आपल्या परड्यात, आपल्याच सातबाऱ्यावर घर बांधून राहिलेला. कोकणातल्या कितीतरी गावांच्या नकाशावर गावठाण म्हणून काही दाखवलेलंच नाही. मग २०० मीटर मोजायचे कुठून? दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, तुम्ही तो गोल कुठून काढलात. तर म्हणाला, "गावाचं नाव लिहिलंय तिथून." ते नाव इंटरनेटच्या नकाशावर मराठी शाळेच्या कौलांवर छापलंय. म्हणजे त्याने शाळेलाच गावठाण केलं!

तरीही तो म्हणाला, भूमी अभिलेखकडून लेखी घेऊ. घेतलं. गटनकाशावर गावठाण नाही असं एका ओळीचं उत्तर यायला ऑगस्ट संपला. आणि ऑगस्टच्या ३१ तारखेला गणपती. हे महत्त्वाचं का, ते पुढे सांगते.

४२-ड बारगळल्यावर त्याने नगर रचना कार्यालयातून झोन दाखला काढला. जागा प्रादेशिक योजनेत शेती विभागात. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका, एमआयडीसीची क्षेत्रं, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेले भाग वगैरे सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात शेती विभागातही शेतमालावर प्रक्रिया करणारे उद्योग अटींसह चालतात. शेती विभाग म्हणजे फक्त भात लावायचा असा लोकांचा समज आहे, तो चुकीचा. मी ती नियमावली मोबाईलवर उतरवून घेतली होती. इंग्रजीतली प्रत, शेकडो पानं. आमचा तो नियम शोधायला मला आणि माझ्या लेकीला दोन रात्री लागल्या. याने मात्र पान क्रमांकासकट सांगितला. मान्य.

मग त्याने कलम ४४ खाली बिनशेतीचा अर्ज तयार केला आणि म्हणाला, सहहिस्सेदारांची संमतीपत्रं आणा.

इथे माझा पहिला आवाज चढला. आमचा तो गट सामायिक. सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली सहा मुंबईत. चाकरमानी गणपतीला येतात हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या घरात पाच दिवस नऊच्या नऊ जण एका पंगतीला बसले होते, आणि हा सद्गृहस्थ संमतीपत्रांचं बोलला दिवाळीनंतर! जूनच्या यादीत चौदा कागद होते, त्यात हा नव्हता. "मॅडम, ते गृहीतच असतं." मग काय, जानेवारीत कुडाळहून तुतारी एक्स्प्रेस पकडली आणि चार दिवस डोंबिवली, विरार, लालबाग, नालासोपारा करत फिरले. शंभराचे स्टॅम्पपेपर पिशवीत, वर प्रत्येक घरी अर्धा किलो गर. चुलतदीर म्हणाले, सही करतो, पण शेडीत आमचं नाव लागणार का? नाही लागणार, म्हटलं. केली सही बिचाऱ्यांनी, पण चहा गार होईपर्यंत थांबवलं.

फेब्रुवारीत अर्ज "टाकला" असा त्याचा मेसेज आला, सोबत पहिल्या पानाचा फोटो. दुसरा हप्ता दिला. आणि मग त्याचं ते वाक्य, "परवानगी आलीच समजा, मटेरियल टाकून ठेवा. पावसाळ्याआधी जोतं होऊन जाईल."

आम्ही सातशे चिरे मागवले. जांभ्याचा एक चिरा पंचवीस-तीस किलोचा. ट्रक पाणंदीच्या तोंडाशी आला आणि थांबला. आत जाईना. मग छोटा टेम्पो आणला, त्याचे दोन्ही आरसे दुमडले, तरी पहिल्या वळणावर गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला घासला. शेवटी पाच बायका आणि तीन पुरुष लावून डोक्यावरून चढवले. अडीच दिवस लागले. त्या अडीच दिवसांत आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की जिथे चिऱ्याचा ट्रक जात नाही तिथे उद्या बियांचा ट्रक कसा जाणार. माझ्याही नाही. हा दोष मी त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाही.

एप्रिलमध्ये नकाशे काढायला एका इंजिनिअरकडचा मुलगा आला. पंचविशीतला, पायात स्लीपर, हातात टेप. सल्लागाराने त्याला ऑफिसातच बसून नकाशा काढ म्हणून सांगितलं होतं, पण तो म्हणाला, जागा बघितल्याशिवाय मी रेघ मारत नाही. जागेत उभा राहिला, चारी बाजूंनी फिरला, बॉयलर कुठे, टरफलं कुठे टाकणार, पाणी कुठून, सगळं विचारलं. बी वाफेवर उकडता की भाजता, हेही विचारलं, कारण धुराच्या हिशेबाने प्रदूषण मंडळाच्या संमतीचे कागद बदलतात. मग म्हणाला, "वयनी, शेड मस्त जातली. पण रस्तो खंय आसा?"

मी पाणंद दाखवली.

"ही पाणंद झाली. रस्तो दाखवा."

त्याने टेप लावला. दोन गडग्यांच्या मधे, जिथे सगळ्यात रुंद तिथे, दोन मीटर चाळीस. मग गटनकाशा उघडून दाखवला. पाणंद त्यावर नव्हतीच. पिढ्यान् पिढ्या पायाखालची वाट, पण कागदावर ती आमच्या आणि शेजारच्या आबांच्या जमिनीतली नुसती वहिवाट. म्हणाला, तहसीलदारांकडे कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते, पण ती शेतात जायला. कारखान्याला पोहोच रस्ता लागतो, नियमाच्या रुंदीचा आणि कागदावरचा. "आग लागली तर बंब खंयसून येतलो?" टरफलात तेल असतं. ते कसं पेटतं ते मी चुलीत बघितलंय. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आबांकडे गेलो. गडगा मीटरभर आत घ्या, आम्ही खर्च करतो, नोंदणीकृत लिहून द्या. आबा तयार होते. त्यांचे मुंबईचे भाऊ नव्हते. विषय तिथेच मिटला.

आता मला सांगा, जून २०२२ ते एप्रिल २०२३, दहा महिने. या दहा महिन्यांत आमच्या सल्लागाराने आमची जमीन किती वेळा पाहिली? एकदाही नाही. ऑफिसपासून अठरा किलोमीटर. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, साईट व्हिजिट पॅकेजमध्ये नाही." खरंच नव्हतं. मी त्याने दिलेला कागद काढून पाहिला. सगळं होतं त्यात, अगदी झेरॉक्ससुद्धा होती. जागा पाहणं तेवढं नव्हतं. माझ्या मते बाकी सगळं सोडून त्या एका कामाचे चाळीस हजार घ्यावेत.

मग दुसरा गट शोधला. बागेच्या खालच्या अंगाला, ग्रामपंचायतीच्या डांबरी रस्त्याला लागून आमचा वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. वरकस, कातळाचा, काही पिकत नाही म्हणून कुणी लक्षच देत नव्हतं. नकाशेवाल्या मुलाने रस्त्याच्या मध्यापासून किती मागे सरकायचं ते तिथल्या तिथे चुन्याने आखून दिलं. फक्त या गटाच्या सातबाऱ्यावर आणखी दोन चुलत नणंदांची नावं, म्हणजे संमतीपत्रं पहिल्यापासून. या वेळी मी कुणाला विचारलं नाही. १९ सप्टेंबरला गणपती आले, दुसऱ्या दिवशी आरती झाल्या झाल्या देवासमोरच स्टॅम्पपेपर मांडले. अकरा सह्या अर्ध्या तासात. मोदक नंतर.

त्याच दिवशी सासूबाईंच्या माहेरचे काका आले होते, निवृत्त मंडळ अधिकारी. जेवण झाल्यावर फाईल मागितली, चष्मा पुसला आणि पान पान उलटत गेले. तासाभराने दोन प्रश्न विचारले. त्या दोन प्रश्नांनी माझी झोप उडाली.

पहिला: "सूनबाई, याचा आवक क्रमांक कुठाय?" फेब्रुवारीतल्या अर्जाच्या फोटोवर शिक्का नव्हता, तारीख नव्हती. कलम ४४ मध्ये तेव्हा अर्ज मिळाल्याची पोच सात दिवसांत द्यायची होती, आणि पोच दिल्यापासून, किंवा पोच दिलीच नसेल तर अर्ज मिळाल्यापासून, नव्वद दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जायचं. काका म्हणाले, ते नव्वद दिवस मोजायचे तर अर्ज पोचल्याचा पुरावा तरी हवा. पोच नाही, आवक क्रमांकही नाही, तर घड्याळाला चावीच दिलेली नाही. सल्लागाराला फोन लावला. तो म्हणाला, "टेबलावर दिलाय मॅडम, साहेबांच्या ओळखीने." म्हणजे सात महिने आमचा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर ओळखीने पडून होता.

दुसरा प्रश्न त्याहून वाईट. "आणि ही बिनशेती मागितलीच कशाला?" त्यांनी मला ४४-अ वाचायला लावलं. शेती विभागात नियमावली उद्योगाला परवानगी देत असेल, तर "खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी" बिनशेतीची पूर्वपरवानगी तेव्हा लागत नव्हती. वापर सुरू केल्यापासून तीस दिवसांत तहसीलदारांना कळवायचं, आकार आणि रूपांतरण कर भरायचा. (खऱ्याखुऱ्या हा शब्द मला फार आवडला. खोट्याखोट्या काजूगराचं काय करतात कोण जाणे.) बांधकाम परवानगी मात्र वेगळी, ती लागतेच. बिनशेती म्हणजे जमिनीचा वापर बदलणं आणि बांधकाम परवानगी म्हणजे त्यावर काय, किती, कुठे बांधणार ते. आपण सगळे दोन्हीला मिळून "एन. ए." म्हणतो, आणि तिथेच फसतो. निम्मे लोक बिनशेतीचा आदेश घेऊन भिंत बांधायला घेतात, निम्मे बांधकामाचा नकाशा मंजूर झाला म्हणून महसूल विसरतात.

सल्लागाराला हे सांगितलं तेव्हा माझी अपेक्षा होती की तो भांडेल. भांडला नाही. दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "आमच्याकडे बहुतेक प्लॉटिंगवाले येतात मॅडम, मला ४४ चीच सवय." मग पंधरा दिवसांत सगळी फाईल नव्याने बांधली, बांधकाम परवानगीचा रीतसर अर्ज केला, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतः घरी आणून दिली. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने आमची जागा पाहिली, तीही गाडीच्या काचेतून. एवढ्या सरळपणासाठी दुसरा स्टार देते.

फुटकळ गोष्टी उरकते. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी पोर्टलवर १५ रुपयांना मिळतो, याच्या बिलात नगाला शंभर. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार क्रमांकावर दहा मिनिटांत होते, याने पंधराशे लावले होते. ते मी कापून घेतले. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की अन्न परवान्याऐवजी नुसती नोंदणी पुरत होती, वर्षाला १०० रुपये. ती माझी मीच केली. अन्नप्रक्रिया योजनेसाठी जिल्ह्यात नेमलेली संसाधन व्यक्ती असते, तिचं मानधन योजनेतून मिळतं, अर्जदाराने काही द्यायचं नसतं. आम्हाला भेटलेल्या बाईंनी प्रकल्प अहवाल असा करून दिला की बँकेने एकच दुरुस्ती काढली. सल्लागार त्याच अहवालाचे आठ हजार सांगत होता. आणि मधेच एकदा, "मॅडम, कृषी पर्यटनपण टाकून देऊ का, दोन खोल्या?" राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते, ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. मी म्हटलं, उकडलेल्या बियांच्या वासात पाहुणे झोपवायचे असतील तर बघू.

बांधकाम परवानगी जानेवारी २०२४ मध्ये हातात आली. बँकेच्या साहेबांना "बिनशेतीचा आदेश" असं शीर्षक असलेलाच कागद हवा होता. त्यांना ४४-अ समजावायला तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला काका स्वतः आले, अधिनियमाचं पुस्तक कागदाची खूण घालून घेऊन. एप्रिल संपता संपता शेडीवर पत्रे चढले. अर्धा हंगाम मिळाला. तहसीलदारांना तीस दिवसांच्या सूचनेचं पत्र मी एकविसाव्या दिवशी दिलं आणि पोच घेतली. शिक्का ठसठशीत उमटला का ते उजेडात धरून पाहिलं. बाबू हसला, हसू दे.

आता अर्धा स्टार कसला, तर तो फोन उचलतो याचा. रात्री नऊला, रविवारी, अगदी शिमग्यातसुद्धा. उत्तर बरोबर असेलच असं नाही, पण उचलतो. ज्यांनी या कामात माणसं गाठायला महिने घालवलेत त्यांना या अर्ध्या स्टारची किंमत कळेल.

लावू का त्याला, असं विचारणाऱ्या दोन जणी परवाच येऊन गेल्या. एकीची गिरण आहे, एकीला कोकमाचं आगळ भरायचंय. सातबारा साफ करून घ्यायचा असेल, वारसांचे घोळ असतील, तर डोळे मिटून जा म्हटलं. गिरणवालीला विचारलं, तुझ्या दारात ट्रक येतो का? ती म्हणाली, येत नाय, पण येतलो. मी तिला नकाशेवाल्या मुलाचा नंबर दिला. तो आता जागा बघायचे हजार रुपये घेतो. मीच त्याला घ्यायला सांगितले.

आणि ते सातशे चिरे? मजुरी देऊन परत डोक्यावरून खाली आणले, शेडीच्या भिंतीला लागले. साठेक वरच राहिले, कारण तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि मग कुणी गेलंच नाही. सासूबाईंनी ते फणसाखाली रचून घेतलेत. उकडायच्या दिवशी आता मागच्या दारी जावं लागत नाही, तरी सवयीने त्या तिथे जाऊन बसतात.